साखळी कुणी सोडायची

त्या बोर्डावर लिहिलंय ते सगळं खरं आहे, म्हणून तर माझं डोकं फिरलं. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. लेकीला घेऊन बारामतीहून इंदापूरला निघाले होते. कन्हेरी गेली, काटेवाडी गेली, आणि रस्त्याच्या कडेला ती काचेची शोरूम दिसली. आमच्या जुन्या पत्र्याच्या शेडच्या जागी आता दोन मजले उभे आहेत, पुढं फरशी, गाड्या लावायला जागा. दारातच मोठा बोर्ड, ‘आमची वाटचाल’. त्याखाली फेटा बांधलेल्या तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या भागीदाराचा, फोटो आणि मग एकेक ओळ. पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात. भवरकडीची मजबूत साखळी. शेतकरी बांधवांसाठी घरपोच बदली योजना, पंचक्रोशीत प्रथमच. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘सहकार्य : कै. किसनराव’. किसनराव! माझ्या बापाला जिवंतपणी त्या रस्त्यावर कुणी कधी राव लावलं नाही, ते मेल्यावर लावलं. आणि आमच्यात कै. लिहीत नाहीत, कालकथित लिहितात, एवढं विचारायला एक फोन करावा असंही कुणाला वाटलं नाही. लेक मात्र खूश. “आई, हे आपले आजोबाच ना? थांब, फोटो काढते,” म्हणून तिनं मोबाईल पुढं केला. मी तिला ओढूनच गाडीत बसवलं. बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई आता माझ्याकडंच असते. ती खाटेवर बसून ताटात हुलगे निवडत होती. बोर्डावरची प्रत्येक ओळ मी तिला मोठ्यानं सांगितली, कारण तिला कमी ऐकू येतं आणि कारण मला ओरडायचंच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, “त्येंच्या भिंतीवर त्येंनी लिवलं. तुला कुणी धरलंय का? तू बी लिव.” म्हणून लिहिते आहे. घरपोच बदली योजना पंचक्रोशीत प्रथमच होती, हे खरं. ती कशी होती आणि तिचं काय झालं, ते त्या बोर्डावर मावलं नाही. ते इथं मावेल.

आमच्या कंपनीचं नाव ‘जोडकडी चेन वर्क्स’. कंपनी म्हणजे काय, तर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली वेल्डिंगची नोकरी सोडून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरामागच्या लिंबाखाली सुरू केलेलं काम. सळई कापायची, वाकवून कडी करायची, एका कडीत दुसरी अडकवायची आणि तोंड जोडून टाकायचं. गुरांच्या दावणीच्या साखळ्या, गाडीच्या साखळ्या, उसाच्या ट्रॉलीला लागणाऱ्या जाड साखळ्या. पुढं कन्हेरीच्या बाजूचे तात्या भागीदार म्हणून आले. त्यांची रस्त्याकडेची जमीन होती, तिथं शेड पडली, वीज आली, नावाची पाटी लागली. तात्यांचा ऊस होता, ओळख होती, सोसायटीत शब्द होता. आमचे हात होते. तात्या माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते, आणि रागानंच सांगते. वाईट असता तर त्याच्यावर चिडणं किती सोपं झालं असतं! आमच्या घरात येऊन मांडी घालून जेवायचा, आईच्या हातची शेंगोळी दोनदा मागून घ्यायचा, वहिनी वहिनी करायचा. दादांना त्याचं केवढं कौतुक. बाजारात कुणी भेटलं की काही कारण नसताना सांगायचे, “तात्या आपल्यात जेवतो, बरं का.” मी तेव्हा दहावीला होते, मलाही ते ऐकून छाती फुगल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, माणूस आपल्या घरात जेवतो ही बातमी करून सांगावी लागते, तिथंच सगळं आलं.

शेड घरापासून हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळं आमचं घर म्हणजे शेडचाच एक कोपरा झालेलं. सगळ्यात मोठा आवाज पिंपाचा. डांबराचं जुनं पिंप आडवं बसवून त्याला मोटर लावलेली, आत साखळ्या आणि लाकडाचा भुसा. ते दिवसभर गरागरा फिरायचं आणि साखळ्या घासून चकचकीत व्हायच्या. त्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. लाईट गेली की पिंप थांबायचं, पण आमचं ओरडणं थांबायचं नाही, आणि मग घरात पाहुणा असला की त्याला वाटायचं इथं भांडण लागलंय. भाकरीवर काजळीचं बोट उमटलेलं असायचंच. आई म्हणायची, “खा, लोखंड पोटात गेलं तर अंगी लागतंय.” उजनीच्या कडेच्या गावातून मामा कधीमधी मासे घेऊन यायचा, तेव्हा मात्र आई चुलीजवळ कुणाला फिरकू द्यायची नाही आणि त्या एका दिवशी घराला लोखंडाऐवजी कालवणाचा वास यायचा. आईचं काम भवरकडीचं. साखळीच्या मध्ये एक गरगर फिरणारी कडी असते, जनावर खुंट्याभोवती कितीही फिरलं तरी साखळीला पीळ पडत नाही आणि गळ्याला फास बसत नाही, ती भवरकडी. आमच्या साखळीची भवरकडी कधी अडकायची नाही. प्रत्येक साखळी पायाखाली दाबून, दोन्ही हातांनी ओढून, फिरवून पाहिल्याशिवाय आई ती बांधू द्यायची नाही. बोर्डावर भवरकडी आहे. आई नाही.

मग पंजाबातली यंत्रावरची साखळी आली. हलकी, चकचकीत आणि स्वस्त. बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात लोक आमची साखळी हातात घ्यायचे, कौतुक करायचे आणि पलीकडच्या दुकानातून ती दुसरी घेऊन जायचे. तात्या म्हणायला लागले, “किसन, असंच चाललं तर शेडमधी कोंबड्या पाळाव्या लागतील.” दादा हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बारामतीत एका भांड्यांच्या दुकानावर त्यांनी कापडी फलक बघितला होता, जुना कुकर द्या, नवा घ्या. बायकांची झुंबड उडालेली. आणि आमच्या वस्तीवर नुकतीच गॅसची गाडी घरपोच यायला लागली होती, टाकी घेऊन जायची, टाकी देऊन जायची. दादांनी दोन्ही एकत्र केलं. संध्याकाळी चहा पिता पिता एकदम म्हणाले, “जुनी साखळी द्या, नवी घ्या. आन् त्यांनी यायचं न्हाय, आपुन जायचं. टेम्पो घिऊन. घरोघरी.” आई परात घासत होती. तिचा हात थांबला. “घरी जाऊन कशाला? आणू दे की त्यांना हितं.” दादा म्हणाले, “अगं, गॅसवाला येतो का न्हाय घरी? त्याला कुणी काय म्हंतं का? ही सर्विस असती.” सर्विस हा शब्द दादांना फार आवडायचा.

तात्यांना कल्पना एकदम पटली. जाहिरात करायची ठरली आणि आवाज द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण शाळेत वक्तृत्वात माझं नाव असायचं. पिंप बंद करून, शेडचं दार लावून, टेपरेकॉर्डरपुढं मी बोलले. “शेतकरी बंधूंनो! जोडकडी चेन वर्क्सची खास योजना! तुमच्या गोठ्यातली जुनी साखळी द्या, नवी साखळी सवलतीत घ्या! तुम्ही फक्त निरोप द्या, आम्ही घरी येऊन साखळी घेऊन जाऊ!” टेम्पोवर भोंगा बसला. दादा, त्यांचा चुलतभाऊ बाळूकाका आणि सुट्टी असली की मी, असे आम्ही इंदापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यावस्त्यांवर फिरायला लागलो. माझा आवाज उसाच्या फडावरून जाताना ऐकून मला काय वाटायचं म्हणून सांगू! वरकुट्याच्या शाळेजवळ पोरं टेम्पोमागं पळायची आणि माझीच वाक्यं मला म्हणून दाखवायची.

आणि निरोप यायला लागले. दणकून आले. दादा खूश, तात्या खूश. फक्त एक गोष्ट विचित्र होती. लोक साखळी हातात देत नव्हते. काठीला अडकवून आणायचे, नाहीतर लांबूनच टेम्पोत भिरकावायचे. एका म्हातारीनं तर चिमट्यात धरून आणलेली मी पाहिली. दादा म्हणायचे, “गंजल्यात ना, हात खराब व्हत्यात.” बाळूकाका त्या साखळ्या पायानंच आत सरकवायचे. शेडच्या मागं त्या जुन्या साखळ्यांचा ढीग वाढत गेला. एके दुपारी आई तिकडं गेली, त्या ढिगातली एक साखळी उचलली, दुसरी उचलली, काहींना तर गंजही नव्हता, आणि ती तशीच परत आली. तळपायाची आग मस्तकात गेल्यावर माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं.

“ह्या समद्या मेलेल्या जनावरांच्या हायत,” ती दादांना म्हणाली.

तिचं माहेर उजनीकडचं, जुन्या वळणाचं गाव. तिला माहीत होतं. मेलेल्या बैलाची साखळी पुन्हा दुसऱ्या जनावराला लावत नाहीत, अपशकुन मानतात. घरात ठेवत नाहीत, भंगारात विकत नाहीत. पूर्वी जे ढोर ओढून न्यायचे, साखळी त्यांनीच न्यायची, तो त्यांचा हक्क. आणि ढोर ओढून नेणारे कोण, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या माणसांनी ते काम सोडलं. गावानं त्यांचं पाणी तोडलं, दळण बंद केलं, रानात पाय ठेवू दिला नाही. तरी कुणी परत त्या कामाला हात लावला नाही. आणि आज्यानं त्यानंतर घरात त्या कामाचं नावसुद्धा कधी काढू दिलं नाही. पोरांच्या कानावर ते पडूच नये, अशी त्याची इच्छा. म्हणून तर घात झाला. माझ्या बापाला ते माहीतच नव्हतं! मेलेल्या जनावराच्या साखळीचं काय करतात, हे ज्याच्यापासून लपवून ठेवलं त्याच पोरानं मोठा होऊन टेम्पोवर भोंगा बांधला आणि गावोगाव सांगितलं, आम्ही घरी येऊन घेऊन जाऊ. आणि गावांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, आली जुनी माणसं जुन्या कामावर. सांगत कोण होतं? माझा आवाज.

दादांनी ते मानलं नाही. “लोखंडाला जात असती व्हय? भट्टीत घातलं की समदं सारखंच,” ते म्हणाले.

“लोखंडाला नसंल,” आई म्हणाली. “नेणाऱ्याला हाय.”

दादा उठून शेडमध्ये गेले आणि पिंप चालू केलं. त्यापुढं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत ते घडलं. एका मोठ्या बागायतदाराचा निरोप आला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते गाव काही एकटंच तसं नव्हतं, आणि त्या गावात माझे चांगले ओळखीचे लोकही आहेत. त्या बागायतदाराला सगळे आबा म्हणायचे. निरोप असा, की साखळी न्यायची आहे, टेम्पो घेऊन या आणि बरोबर माणूस आणा. दादांना वाटलं मोठा गोठा, पुष्कळ साखळ्या असणार. मीही हौसेनं पुढं बसले. भोंगा चालूच होता, माझा आवाज आमच्या आधी वस्तीवर पोचला. ओट्यावर आबा उभे, मागं घरातल्या बायका नाकाला पदर लावून. गोठ्यात बैल पडलेला. मेलेला. पोट फुगलेलं, पाय ताठ, आणि साखळी तशीच गळ्यात, खुंट्यापर्यंत ताणलेली.

“कवाधरनं वाट बघतुया,” आबा म्हणाले. “सोडा ती साखळी.”

 बाळूकाकांनी बैलाकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरचा हात काढला. “दादा, मी न्हाय,” एवढं म्हणाले आणि वळून रस्त्याला लागले. घरापर्यंत चालत गेला तो माणूस. त्या दिवसात मला अभिमान वाटावा असं ते एकच पाऊल. दादा मात्र गोठ्यात गेले. वाकले. बैलाच्या मानेखाली हात घालून आकडा शोधायला लागले. आणि इकडं भोंग्यातून मी ओरडत होते, शेतकरी बंधूंनो, आम्ही घरी येऊन साखळी घेऊन जाऊ! मी कॅसेट खेचून बाहेर काढली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत आबांचा आवाज आला.

“आता आलाच हायसा, टेम्पो बी हाय. मग त्याला बी घिऊन जा की. वढ्याच्या कडंला नेऊन टाका.”

इथं माझ्या बापानं काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे? मी केबिनमध्ये बसून वाट बघत होते. आता म्हणतील, आबा, आमच्या लोकांनी हे सोडलंय. आता म्हणतील, आम्ही साखळीचे कारखानदार आहोत. आता म्हणतील, आता म्हणतील. दादा म्हणाले, “टेम्पोत बसायचा न्हाय, आबा.”

टेम्पोत बसायचा न्हाय! आजही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर टेम्पोचं माप. नाही हा शब्द त्यांच्या तोंडापर्यंत येत होता आणि तिथं पोचेपर्यंत त्याचं कारण होत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं नोकरीत साहेबापुढं माझ्याही तोंडून अशीच कारणं निघालेली मी ऐकली, तेव्हा कळलं.

“मग वढत न्या. साखळी हायच की,” आबा म्हणाले.

“तुटंल साखळी.”

“आँ? तुमचीच हाय किसन, जोडकडीची. तुटती व्हय?” आणि आबा हसले. ओट्यावरचं कुणीतरी हसलं. दादासुद्धा थोडं हसले. तुमची साखळी तुटत नाही, हे शेवटी कौतुकच होतं ना.

दादांनी ती साखळी बैलाच्या मागच्या पायांना घातली आणि टेम्पोच्या मागच्या हुकाला लावली. कुणी हात लावायला आलं नाही. मग केबिनमध्ये येऊन बसले, माझ्याकडं न बघता गिअर टाकला. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत उसातून गाडीवाट होती. मागून घासत येण्याचा आवाज मी ऐकत होते. साखळी तुटावी असं मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मनातल्या मनात म्हणत होते, तूट, तूट ना गं. तुटली नाही. आईच्या हातची होती.

घरी आल्यावर दादा थेट हौदावर गेले आणि अंगावर बादल्यांवर बादल्या पाणी ओतत बसले. आईनं टेम्पोत बघितलं. साखळी उचलली. भवरकडीत पांढरे केस अडकलेले होते. तिनं अंगठ्यानं कडी फिरवली, ती गरगर फिरली.

“ही माझी हाय,” ती म्हणाली. मग मला विचारलं, “कुणी सोडली?”

मी सगळं सांगितलं. बसायचा न्हाय म्हणाले तेसुद्धा सांगितलं. आई हौदाजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. ती हळूच म्हणाली, “मामंजींनी उपास काढलं, पर वढलं न्हाय. तुमी डिझेल जाळून वढलं.” दादांनी डोक्यावर बादली ओतली. भिंतीवर दोन फोटो होते, दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरात असतात तेच. त्या दिवशी दादा जेवायला त्या भिंतीकडं पाठ करून बसले आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

सकाळी तात्या आले. त्यांना सगळं आधीच कळलं होतं, आबांनीच सांगितलं होतं, आणि कौतुकानं सांगितलं होतं. “किसन, आबा लई खूश हाय. ट्रॉलीच्या समद्या साखळ्या आपल्याकडनंच घेतो म्हणाला.” दादा खाली बघत बसलेले. आई चहा घेऊन बाहेर आली, कप तात्यांच्या पुढं ठेवला आणि म्हणाली, “भावजी, तुमी गेला असता तर तुमी वढलं असतं का?”

तात्यांनी थोडा विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, मी त्यांचं तोंड बघत होते. “मला कुणी सांगितलंच नसतं, वहिनी,” ते म्हणाले.

आणि चहा प्यायले. त्यांना आपण काय बोललो ते कळलंच नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी एक साधी, खरी गोष्ट सांगितली. इतकी वर्षं आमच्या ताटात जेवून हा माणूस हे वाक्य बोलला आणि वर म्हणाला, “एक जनावर वढलं तर काय झिजलं का? धंद्यात गिऱ्हाईक देव असतो.” त्या कपातला चहा त्यांच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं होतं. अजून वाटतं. फोटोत फेटा बांधून बसलेत, तरी वाटतं.

तात्या गेल्यावर आईनं स्वतः शेडमध्ये जाऊन पिंप बंद केलं. दिवसभर चालणारं ते पिंप भर सकाळी आईच्या हातानं बंद झालेलं मी प्रथमच बघत होते. मला म्हणाली, “सुजे, टेप घे.” मी टेप घेतला. ती समोर खाली बसली, एकेक वाक्य सांगत गेली आणि मी बोलत गेले. पहिल्यांदा माझा आवाज कापला, तर म्हणाली, “पुन्यांदा. तवा कसं दणक्यात बोललीस? तसंच बोल.” मी दणक्यात बोलले. कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत तेच तेच बोलायला लावलं तिनं. माझा घसा बसला, तिनं गूळपाणी दिलं आणि म्हणाली, “थांबायचं न्हाय. गुरवारी बाजारात वाजवायचीया.” दादा दारात येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

गुरुवारी सकाळी तात्या परत आले. कॅसेटचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आल्याआल्या दादांना म्हणाले, “किसन, ती कॅसेट बाजारात वाजली तर आपली भागी संपली म्हणून समज. जमीन माझी, पाटी माझी. तुझं काय हाय हितं?” हेही खरंच होतं. दादा उभे राहिले. त्यांनी तात्यांच्या चपलांकडं बघितलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा टेम्पोचं माप काढणार हा माणूस. दादा माझ्यापुढं आले आणि हात पुढं केला. मी कॅसेट दिली.

“बाजारात न्हाय वाजवत, तात्या,” ते म्हणाले. तात्या हसले, खांद्यावर हात टाकायला पुढं आले. दादा टेम्पोत बसलेही होते. मी पळत जाऊन दुसऱ्या बाजूनं चढले. बाळूकाका मागं चढले, आपणहून.

कंपनी गेली ती त्या सकाळीच गेली. शेड, पाटी, नाव, पिंप, सगळं तिकडं राहिलं. पुढं दादांनी घरामागं त्याच लिंबाखाली खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं जोडली, मरेपर्यंत तेच केलं, आणि साखळीला पुन्हा हात लावला नाही. त्यापायी आम्ही काही कमी हाल काढले नाहीत, आणि त्या हालांत मी एकदा दादांना विचारलं होतं की चूक झाली का. त्यांनी वेल्डिंगचा चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली घेतला.

त्या सकाळी टेम्पो बाजाराला, बारामतीकडं, वळला नाही. इंदापूर रस्त्याला लागला, मग आत, उसातल्या वाटेनं, आबांच्या वस्तीवर. दादांनी टेम्पो बरोब्बर ओट्यासमोर आणून उभा केला, इंजिन बंद केलं आणि कॅसेट घातली. भोंगा खरखरला आणि माझा आवाज निघाला. “शेतकरी बंधूंनो! जोडकडी चेन वर्क्सची सूचना ऐका! मेलेल्या जनावराची साखळी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची! आम्ही सोडणार नाही! आम्ही ओढणार नाही! आम्ही साखळी करतो!” संपलं की पुन्हा तेच. बायका दारात आल्या. गडी हातातली कामं टाकून बांधावर येऊन उभे राहिले. कुणी हसत नव्हतं.

आबा बाहेर आले. आधी त्यांना कळेना. मग कळलं. तोंड लालबुंद झालं. “किसन, बंद कर ते!”

दादा खाली उतरले. टेम्पोला टेकून उभे राहिले. 

“पोरगी बोलतीया, आबा,” ते म्हणाले. “बोलू द्या तिला.”

“बंद कर म्हणतो न्हवं!”

“न्हाय,” दादा म्हणाले.

एवढंच. त्याला कारण लावलं नाही, माप लावलं नाही. आबा तावातावानं आत गेले आणि दार लावून घेतलं. बाळूकाका मागं फाळक्यावर पाय सोडून बसले होते. माझा आवाज उसावरून, ओढ्यावरून, पलीकडच्या वस्त्यांवर जात राहिला. मग कॅसेटची बाजू संपली आणि खटका उडाला. बांधावरच्या लोकांना वाटलं, झालं आता, ते निघायला लागले. दादांनी कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि परत घातली. दुसऱ्या बाजूलाही आईनं तेच भरून घेतलं होतं.